दूध डेअरीचा ईटीपी: प्लांटच्या फरशीपासून शेतातल्या पाटापर्यंत

एका लिटर दुधाचा बीओडी साधारण एक लाख मिलिग्रॅम असतो. म्हणजे ते लिटर गटारात गेलं, तर ते खाऊन संपवायला जिवाणूंना १०० ग्रॅम प्राणवायू लागतो. रोज एक लाख लिटर दूध हाताळणाऱ्या प्लांटमध्ये एक टक्का दूध सांडलं, गळलं किंवा पाइपातून धुऊन गेलं, तर ते हजार लिटर झालं आणि सांडपाण्यावर १०० किलो बीओडीचा बोजा चढला. साय काढलेल्या दुधाचा बीओडी ७० हजारांच्या आसपास, चक्क्याच्या निवळीचा ३५ ते ४० हजार, आणि सायीचा तर दुधाच्या कित्येक पट.

हे गणित मुद्दाम सुरुवातीलाच मांडलं. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट, बिघडला की ब्लोअरवाल्याला फोन जातो, मग कल्चरची पाकिटं विकणाऱ्याला जातो. प्रोसेस सेक्शनची फरशी बघायला कोणी जात नाही. बारामती-फलटण असो, संगमनेर असो की कोल्हापूर, मध्यम डेअरीच्या ईटीपीचं निम्मं दुखणं त्या फरशीवरच असतं. म्हणून हा लेख टाक्यांपासून सुरू होत नाही.

हिशेबासाठी एक नमुना धरू या: रोज एक लाख लिटर दूध, पिशवी, दही, ताक, सणासुदीला श्रीखंड, आणि दिवसाला २०० घनमीटर सांडपाणी. आकडे तुमच्या प्लांटचे घाला, रीत तीच राहील.

आधी मोजा

पहिल्या आठवड्यात काही बांधू नका, काही विकत घेऊ नका. मुख्य चेंबरच्या पुढे व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराच्या खाचेची पाटी) किंवा फ्लोमीटर बसवा आणि २४ तास, दर तासाला प्रवाह लिहा. पहाटे दुधाची आवक, सकाळी टँकर धुणं, दुपारी आणि रात्री सीआयपी (पाइप-टाक्या न उघडता आतून कॉस्टिक आणि आम्लाने धुणं) असे चढ-उतार कागदावर दिसतील. दर तासाचा नमुना प्रवाहाच्या प्रमाणात घेऊन एकत्र करा आणि तो मिश्र नमुना प्रयोगशाळेत द्या. दुपारी बारा वाजता बाटली बुडवून आणलेला एकच नमुना काहीच सांगत नाही. त्या क्षणी कॉस्टिक सुटलं असेल तर सामू १२ येईल, नायट्रिक सुटलं असेल तर ३.

तपासायचं काय? सामू, सीओडी (रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज), बीओडी, तरंगते घनपदार्थ, तेल-चरबी ही नेहमीची यादी. तिच्यात एकूण नायट्रोजन, फॉस्फरस, विरघळलेले क्षार आणि सोडियम जोडा. शेवटची दोन लोक वगळतात आणि पुढे पाणी शेतात सोडल्यावर पस्तावतात. आपल्याकडे बीओडी २७ अंशांवर ३ दिवस ठेवून काढतात. परदेशी पुस्तकातला आकडा २० अंशांवरच्या ५ दिवसांचा असतो, एवढं भान ठेवा.

एकदा पुष्टकाळात आणि एकदा कृशकाळात मोजलं तर उत्तम. थंडीत आवक वाढते, उन्हाळ्यात ती घटते पण ताक-दह्याचं काम वाढतं, आणि पाण्याचं स्वरूप बदलतं.

पर्यावरण संरक्षण नियमांतलं डेअरीसाठीचं मानक सांगतं की, हजार लिटर दुधामागे सांडपाणी ३ घनमीटरपेक्षा जास्त नको. प्रक्रिया केलेल्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५, बीओडी १००, तरंगते घनपदार्थ १५० आणि तेल-चरबी १० मिलिग्रॅम प्रति लिटर. ज्या प्रवाहात पाणी जातं तो पिण्याच्या पाण्याचा स्रोत असेल तर बीओडीची मर्यादा ३० पर्यंत खाली येऊ शकते. पण तुम्हाला बांधून ठेवतो तो प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतिपत्रातला आकडा. तो आधी वाचा. ईटीपीचं डिझाइन १०० वर आणि संमतिपत्र ३० वर, असे प्लांट आहेत.

आपल्या नमुन्यात मिश्र पाण्याचा बीओडी १२०० आला असं धरू. २०० घनमीटर गुणिले १२००, म्हणजे दिवसाला २४० किलो.

फरशीवरची कामं

पाइपात शेवटी उरलेलं दूध पाण्याने ढकलून बाहेर काढतात. त्या पाण्याचा पहिला भाग जवळजवळ दूधच असतो. तो वेगळ्या टाकीत घ्या. नळी काढण्याआधी टँकर पूर्ण निथळू द्या, उतारावर पाच मिनिटं उभा राहू द्या. पिशवी भरायच्या मशिनखाली ट्रे ठेवा आणि फुटक्या पिशव्यांचं दूध गटाराऐवजी कॅनमध्ये जमा करा. क्रीम सेपरेटरचा गाळ आणि तूप विभागातली बेरी बादलीत गोळा झाली पाहिजे, होजपाइपने ढकलली जाता कामा नये. आधी रबरी वायपर, मग पाणी, हा क्रम पाळला तर पाणीही कमी लागतं.

निवळीचं प्रकरण वेगळं आहे. गुढीपाडवा आणि दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात चक्का टांगला जातो, आणि दह्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग निवळी म्हणून बाहेर पडतो. २००० लिटर निवळी एका दिवसात गटारात गेली तर ७० किलो बीओडी वाढला, म्हणजे आपल्या २४० वर जवळपास तीस टक्के. बरोबर सणाच्या तोंडावर ईटीपी का फेसाळतो, याचं उत्तर इथे सापडतं. निवळीसाठी स्वतंत्र टाकी ठेवा. रोज जवळचा पशुपालक नेत असेल तर सगळ्यात चांगलं. नाहीच जमलं, तर ती थोडी थोडी करून सात-आठ दिवसांत समतोल टाकीत (दिवसभराचं पाणी एकत्र करून सारखं करणाऱ्या टाकीत) सोडा.

सीआयपीचं कॉस्टिक साधारण १ ते १.५ टक्क्याचं, नायट्रिक त्याहून थोडं सौम्य. दोन्ही टाकीत परत घेऊन पुन्हा वापरायची असतात. कुठल्या दिवशी किती फेकलं हे लिहून ठेवण्याची सवय सीआयपी ऑपरेटरला लावा. ईटीपी ऑपरेटरला त्याचा निरोप फेकण्याआधी मिळाला पाहिजे, नंतर नव्हे. सॅनिटायझरचंही तेच. हायपो, परॲसिटिक आम्ल किंवा क्वाटचा (अमोनियमयुक्त जंतुनाशकाचा) भरलेला ड्रम एका दमात सुटला, तर एरेशन (हवा देण्याच्या) टाकीतल्या जिवाणूंना तो कळत नाही, ते मरतात.

माझा अनुभव असा की, या विभागात महिनाभर नेटाने काम केलं तर नव्या टाकीचा अर्धा खर्च वाचतो. पण हे काम उत्पादन विभागाचं असल्यामुळे ईटीपीचा माणूस ते एकट्याने करू शकत नाही. प्लांट मॅनेजरने रोजच्या मीटिंगमध्ये दूध किती आलं याच्या शेजारी ईटीपीला सीओडी किती गेला हा आकडा लिहायला लावला की गोष्टी हलतात.

जाळी, तेलाचा चेंबर आणि डॅफ

जाळी ही स्वस्तातली पण दुर्लक्षित गोष्ट. पाच-सहा मिलिमीटरची जाळी प्लास्टिकचे तुकडे, झाकणं, चोथा अडवते. पंपात अडकलेली एक पिशवी जाळीपेक्षा महाग पडते.

तेलाच्या चेंबरचा घोटाळा तापमानात आहे. गरम कॉस्टिकबरोबर आलेली चरबी पाण्यात मिसळून गेलेली असते, ती वर तरंगतच नाही. चेंबर कितीही मोठा बांधा, वाफाळतं पाणी सरळ त्यात आलं तर चरबी पुढे सरकते, थंड झाल्यावर एरेशन टाकीत गोठते आणि तपकिरी साय होऊन बसते. गरम पाण्याची लाइन आधी समतोल टाकीकडे वळवा, तिथे निवू द्या आणि मग चरबी काढा.

तूप-लोणी बनवणाऱ्या प्लांटला साध्या चेंबरवर भागत नाही, डॅफ लागतो. त्यात दाबाखाली विरघळवलेली हवा बारीक बुडबुडे बनून चरबीला वर उचलते आणि खुरपणी ती ओढून घेते. तुरटी किंवा पॅक (पॉलीॲल्युमिनियम क्लोराइड) किती घालायचं, हे विक्रेत्याच्या पत्रकावरून ठरवू नका. सहा काचेच्या भांड्यांत एक-एक लिटर पाणी घ्या, वाढत्या मात्रा घाला, आधी जोरात मग हळू ढवळा, आणि सर्वांत कमी मात्रेत कुठे पाणी निवळतं ते पाहा. पाणी बदललं की चाचणी पुन्हा. जैविक टाकीत जाणाऱ्या पाण्यात तेल-चरबी ५० च्या खाली हवी.

समतोल टाकी

मला एकच टाकी मोठी बांधायची मुभा मिळाली, तर ही मोठी बांधेन. जिवाणूंना रोज, दर तासाला सारखं जेवण लागतं, आणि डेअरी ते कधीच सारखं देत नाही. २०० घनमीटरसाठी १२ तासांची, म्हणजे १०० घनमीटरची टाकी धरा. कॉस्टिकचं पाणी आणि आम्लाचं पाणी इथे एकमेकांना बरंचसं मारतं, त्यामुळे सामू दुरुस्तीचा खर्च आपोआप उतरतो. पुढे जाणारं पाणी ६.५ ते ८ सामूचं असावं.

पण ती ढवळलेली नसेल तर तिचं वाटोळं होतं. दुधातली साखर काही तासांतच आंबते, लॅक्टिक आम्ल बनतं, सामू घसरत ४.६ च्या आसपास आला की केसीन फाटतं आणि तळाशी चोथ्याचा थर बसतो. वास सुटतो तो तिथून. म्हणून दर घनमीटर पाण्याला ताशी एक घनमीटरच्या आसपास हवा तळातून द्या आणि पाणी दिवसापेक्षा जास्त ठेवू नका. पुढच्या टाकीला पंप २४ तास एकसारखा चालवा. दिवसपाळीत सगळं ढकलून रात्री बंद, ही पद्धत सोडा.

काही प्लांटमध्ये यानंतर यूएएसबीसारखी हवारहित टाकी असते. सीओडी ३ हजारांच्या वर असेल आणि बायोगॅस जाळायला बॉयलर असेल, तर तिचा विचार करा. काढलेल्या दर किलो सीओडीमागे कागदोपत्री ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. चरबी नीट निघत नसलेल्या डेअरीत मात्र मी ती सुचवत नाही. चरबी दाणेदार गाळाला चिकटते आणि गाळ वर येऊन वाहून जातो.

एरेशन टाकी: हिशेब

चरबी काढल्यावर बोजा २४० वरून २०० किलोवर आला असं धरू. डेअरीसाठी दीर्घ हवा देण्याची पद्धत मला सुरक्षित वाटते. जागा जास्त लागते, पण ऑपरेटरची चूक पोटात घेते.

एक किलो गाळाला, म्हणजे जिवाणूंच्या लगद्याला, दिवसाला ०.१२ किलो बीओडी खायला द्यायचा आणि टाकीत गाळाचं प्रमाण, म्हणजे एमएलएसएस, ३५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ठेवायचं. मग टाकी किती? २०० भागिले ०.१२ केलं तर १६६७ किलो गाळ हवा. एका घनमीटरमध्ये साडेतीन किलो, म्हणजे सुमारे ४८० घनमीटरची टाकी. पाणी तिच्यात दोन दिवसांहून थोडं जास्त राहतं.

हवा: दर किलो बीओडीला २ किलो प्राणवायू धरला तर दिवसाला ४००, तासाला पावणेसतरा किलो. एक घनमीटर हवेत सुमारे २८० ग्रॅम प्राणवायू असतो, पण चार मीटर खोलीच्या टाकीत बारीक छिद्रांच्या डिफ्यूजरमधून प्रत्यक्ष त्यातला दहा-अकरा टक्केच पाण्यात उतरतो. हिशेब ताशी ५५० घनमीटरच्या आसपास येतो. त्या क्षमतेचे दोन ब्लोअर घ्या, एक चालू एक राखीव, आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) बसवा. कृशकाळात बोजा निम्म्यावर आला तरी ब्लोअर पूर्ण वेगाने फिरवत राहणं म्हणजे वीजबिल भरणं आणि गाळाचे कण फोडणं, दोन्ही.

खाद्याचा समतोल: बीओडी, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण १००:५:१ लागतं. २०० किलोला १० किलो नायट्रोजन आणि २ किलो फॉस्फरस. डेअरीच्या पाण्यात प्रथिनं असल्यामुळे हे बहुधा पाण्यातच असतं. तरी अनेक ठिकाणी रोज युरिया-डीएपीची गोणी सवयीने रिकामी होते, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया वाढतो. अहवाल पाहून तूट असेल तेवढंच घाला. समजा पूर्णच कमी आहे, तर १० किलो डीएपीतून २ किलो फॉस्फरस आणि १.८ किलो नायट्रोजन मिळेल, उरलेल्या नायट्रोजनसाठी १८ किलो युरिया. याहून जास्त कधीच नाही.

क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी): डेअरीचा गाळ हलका, म्हणून पाण्याचा वर चढण्याचा वेग ताशी अर्ध्या मीटरच्या वर नको. ताशी ८.३ घनमीटरला सुमारे १७ चौरस मीटर, म्हणजे ४.६ मीटर व्यासाची टाकी. व्यासात काटकसर करू नका. एरेशन टाकी लहान झाली तर बीओडी थोडा वाढतो, क्लॅरिफायर लहान झाला तर गाळच बाहेर जातो.

सुरुवात करताना

नवी टाकी सुरू करायला जिवंत गाळ लागतो. उत्तम बी म्हणजे चालू डेअरी ईटीपीचा ओला गाळ. १५०० एमएलएसएसने सुरुवात करायची तर ४८० घनमीटरला ७२० किलो कोरडा गाळ, आणि तो एक टक्का घट्ट असेल तर ७२ घनमीटर. दहा हजार लिटरचे सात टँकर झाले. लोकांना हे जास्त वाटतं आणि ते शेणकाल्यावर येतात. शेण चालतं, पण त्यात न पचलेल्या चाऱ्याचे तंतू पुष्कळ असतात. एमएलएसएसचा आकडा झटकन फुगतो आणि खाणारे जिवाणू मात्र थोडेच असतात. आकडा बघून पूर्ण पाणी सोडलं की टाकी आंबते. शेण टाकायचंच असेल तर पातळ करून, गाळून टाका.

पहिल्या दिवशी पाव बोजा. हवा चालू, परतीचा पंप (बसलेला गाळ एरेशनमध्ये परत नेणारा) चालू. गुळाचं पाणी ओतायची पद्धत आहे. डेअरीत दूध असताना गुळाची गरज मला तरी कधी दिसली नाही. बाहेरच्या पाण्याचा सीओडी खाली आला आणि डीओ (पाण्यात विरघळलेला प्राणवायू) २ च्या खाली घसरत नसला की बोजा वाढवा. चांगलं बी असेल तर तीन-चार आठवड्यांत, शेणावर सुरू केलं तर त्याहून बऱ्याच उशिराने पूर्ण पाणी घेता येतं.

रोजचा राउंड

एक लिटरचं मोजपात्र, डीओ मीटर, सामू मीटर, एवढी हत्यारं ऑपरेटरच्या हाताशी हवीत. डीओ टाकीच्या चारही कोपऱ्यांत बघायचा. एका कोपऱ्यात २ आणि दुसऱ्यात अर्धा असेल, तर तिथला डिफ्यूजर फाटलाय किंवा चरबीने बुजलाय.

एसव्ही३० ही चाचणी मला सगळ्यात जास्त कामाची वाटते. एरेशनच्या बाहेर पडणाऱ्या टोकाचं पाणी मोजपात्रात भरा, सावलीत ठेवा, अर्ध्या तासाने गाळ किती मिलिलिटरवर बसला ते लिहा. पण नुसतं लिहून निघून जाऊ नका. पहिली पाच मिनिटं बघत उभं राहा: गाळ गोळा होऊन एकदम बसतो की ढगासारखा लोंबकळतो, वरचं पाणी काचेसारखं आहे की गढूळ. एसव्ही३० ला हजारने गुणून एमएलएसएसने भागलं की एसव्हीआय मिळतो. ४२० मिलिलिटर आणि ३५०० असेल तर १२०. ८० ते १५० मध्ये चांगलं, २०० च्या वर गेला तर गाळ फुगलाय.

कधी मोजपात्र ९५० दाखवतं. गाळ जास्त झालाय की फुगलाय, हे ओळखायचं असेल तर निम्मं प्रक्रिया केलेलं पाणी मिसळून चाचणी पुन्हा करा. आकडा धाडकन निम्म्याखाली आला तर गाळ काढायला झाला आहे. फारसा हललाच नाही तर तंतुमय जिवाणू वाढले आहेत.

डेअरीत हे तंतू वारंवार येतात आणि त्याला कारण आहे. लॅक्टोज विरघळलेली, चटकन खाता येणारी साखर. मोठ्या टाकीत ती सगळीकडे पातळ होते, आणि कमी अन्नात, कमी प्राणवायूत तगून राहणारे तंतू बाकीच्यांवर मात करतात. कायमचा उपाय म्हणजे एरेशनच्या तोंडाशी लहानशी टाकी, जिथे येणारं पाणी आणि परतीचा गाळ १५ ते ३० मिनिटं एकत्र राहतील. तिथे अन्न दाट मिळतं आणि गोळा होऊन बसणारे जिवाणू ते आधी उचलतात. जुन्या टाकीत भिंत घालूनही हे साधता येतं. तातडीचा उपाय म्हणजे परतीच्या गाळात मोजून क्लोरीन: दिवसाला एक किलो गाळाला २ ते ३ ग्रॅम. आपल्या १६८० किलो गाळाला ४-५ किलो क्लोरीन, म्हणजे १३ ते १७ किलो ब्लीचिंग पावडर, तीही दिवसभरात विभागून. पाणी दुधाळ दिसू लागलं की लगेच थांबा.

बाकी लक्षणं थोडक्यात. पांढरा, हलका फेस: गाळ कोवळा आहे किंवा डिटर्जंट जास्त आलंय. तपकिरी, चिवट, सायीसारखा फेस: चरबी आणि जुना गाळ, तो वरून काढून बाहेर टाका, पाण्याचा फवारा मारून परत बुडवू नका. क्लॅरिफायरमध्ये दुपारनंतर गाळाचे लगदे बुडबुड्यांसह वर येतात: गाळ तळाशी जास्त वेळ राहतोय आणि नायट्रेटमधून नायट्रोजन वायू सुटतोय, परतीचा पंप वाढवा. टाकी काळी पडून अंड्याचा वास आला: हवा पुरत नाही, येणारं पाणी रोखा.

वीज गेली तर? चार-सहा तास गाळ तग धरतो. त्याहून जास्त झालं तर जनरेटरवर सगळ्यात आधी ब्लोअर घ्या. वीज आल्यावर येणारं पाणी लगेच सुरू न करता आधी डीओ वर येऊ द्या.

गाळ काढणं

सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच. दर किलो बीओडीला ०.३ किलो गाळ तयार होतो असं धरलं, तर दिवसाला ६० किलो कोरडा, एक टक्का घट्टपणाने ६ घनमीटर. एवढा रोज बाहेर काढला तर टाकीतला गाळ सरासरी २८ दिवसांचा राहतो, ते ठीक आहे. आठवडाभर काही न काढता रविवारी एकदम टाकी रिकामी करणं म्हणजे जिवाणूंची पिढी एका दिवसात बदलणं.

वाळवणीच्या वाफ्यांवर कोरड्या महिन्यांत गाळ छान सुकतो. जून ते सप्टेंबर वाफे तळी होतात. वाफ्यांवर पारदर्शक पत्रा टाका किंवा स्क्रू प्रेस घ्या. सुका गाळ शेतात खत म्हणून वापरायचा तर संमतिपत्रात त्याबद्दल काय लिहिलंय ते आधी पाहा आणि वर्षातून एकदा तपासणी करा.

टाकीत उतरण्याआधी

समतोल टाकीच्या तळाशी आणि बंद चेंबरमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना वास येतो. प्रमाण फार वाढलं की नाक बधिर होतं आणि वास थांबतो, म्हणजे वास गेला म्हणून उतरणारा माणूस सर्वांत धोक्यात असतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ३६ मध्ये अशा जागेत परवान्याशिवाय, हवेची तपासणी आणि पट्टा-दोराशिवाय उतरायला मनाई होती, ती शिस्त आजही पाळा. पंप, डिफ्यूजर असे निवडा की ते वरूनच ओढून काढता येतील. आत कोणी कोसळला तर दुसऱ्याने मागे उडी मारायची नाही, हे ठेकेदाराच्या माणसांनाही सांगितलेलं असलं पाहिजे. एकामागोमाग एक माणसं याच कारणाने जातात.

पाणी शेतात आणि कागद फाइलीत

क्लॅरिफायरनंतर वाळूचा फिल्टर, लागलाच तर कार्बन फिल्टर. बाग, शौचालय आणि क्रेट धुण्याचा पहिला फेरा यांना हे पाणी चालतं, दुधाला स्पर्श होणाऱ्या कुठल्याही पृष्ठभागाला नाही. दूध पावडर बनवत असाल तर इव्हॅपोरेटरचं निघालेलं पाणी आधीच स्वच्छ असतं. ते ईटीपीत न्यायची गरजच नाही, बॉयलर आणि कूलिंग टॉवरला द्या. उलट सॉफ्टनर धुतल्याचं मिठाचं पाणी आणि बॉयलरचा ब्लोडाउन (बॉयलरमधून काढून टाकलेलं क्षारयुक्त पाणी) सिंचनाच्या पाण्यापासून दूर ठेवा.

२०० घनमीटर पाणी शेतात द्यायचं तर दिवसाला साडेचार मिलिमीटर पाणी धरून सुमारे ११ एकर लागतात. दोन एकरांवर सगळं ओतलं की जमीन चिबड होते. सीआयपीच्या कॉस्टिकमधलं सोडियम कोणत्याही जैविक टाकीत नष्ट होत नाही. काळ्या चिकण मातीत ते साठतं, माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. बीओडीचा अहवाल तोपर्यंत अगदी हिरवागार असतो. दर उन्हाळ्यात मातीची तपासणी करा, सोडियम वाढत असेल तर जिप्सम द्या आणि कॉस्टिकचा काही भाग पोटॅशवर नेता येतो का ते पाहा. पावसाळ्यात शेताला पाणी नको असतं, म्हणून १५ दिवसांची, ३००० घनमीटरची साठवण हवी. संमतिपत्रात हा आकडा नसला तरी आषाढात तो लागतोच.

महाराष्ट्रात जलप्रदूषणाचा राज्य कायदा १९६९ मध्ये झाला, केंद्राच्या १९७४ च्या कायद्याच्याही आधी, त्यामुळे इथल्या यंत्रणेला हे विषय नवे नाहीत. तुमची नोंदवही बघून अधिकाऱ्याला पाच मिनिटांत कळतं की आकडे रोज लिहिलेत की एका बैठकीत. ईटीपीला स्वतंत्र वीज मीटर बसवा. ब्लोअर चालल्याचा तो सगळ्यात भक्कम पुरावा. मार्चअखेरच्या वर्षाचं पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरपर्यंत भरा, आणि त्यातले पाण्याचे आकडे फ्लोमीटरच्या वहीशी जुळवून घ्या.

मंडळाचा माणूस नमुना घ्यायला आला की १९७४ च्या कायद्याचं कलम २१ आठवा. तिथल्या तिथे मागणी केली तर नमुन्याचे दोन भाग करून ते दोघांच्या सह्यांनी मोहोरबंद करण्याची तरतूद त्यात आहे. शिवाय त्याच जागेवरून, त्याच वेळी आपलाही एक नमुना भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा.